शेवटचा डोस बाटलीत ठेवा

आमच्या दवाखान्यातून औषध नेणाऱ्या प्रत्येकाला बाबा जाताना एकच वाक्य सांगत, "शेवटचा डोस बाटलीत ठेवा आणि बाटली परत आणा." औषध खोकल्याचं असो, पोटाचं असो की तापाचं. बाटलीच्या अंगाला खळीने कागदाची पट्टी चिकटवलेली असे आणि डोस कळावेत म्हणून तिला कात्रीने खाचा पाडलेल्या असत. सगळ्यांत खालच्या खाचेपर्यंत औषध प्यायचं, त्याखालचं प्यायचं नाही. माणूस ठणठणीत बरा झाला तरी तेवढ्यासाठी बाटली घेऊन यायचा. पनवेलमध्ये तेव्हा दुसरेही डॉक्टर होते. असं सांगणारे फक्त बाबा.

परत आलेल्या बाटल्या मागच्या खोलीच्या खिडकीत ओळीने उभ्या राहत. प्रत्येकीच्या तळाशी बोटभर औषध. कुठे लाल, कुठे पिवळं, कुठे कोऱ्या चहासारखं. दुपारी ऊन त्यांच्यातून आत येई आणि समोरच्या भिंतीवर रंगीत डाग पडत. रविवारी कंपाउंडरकाका ते सगळं परसातल्या खड्ड्यात ओतून टाकत आणि बाटल्या राखेने घासून उलट्या घालत.

या पद्धतीचं कारण गावाने आपापल्या परीने लावलं होतं. काही जण म्हणत, डॉक्टर चिक्कू आहेत, उरलेलं औषध पुढच्या माणसाला देतात. बाजारातले एक मुसलमान दुकानदार बाटली परत देताना मिशीतल्या मिशीत हसत म्हणत, "लो डॉक्टरसाब, आपका हिस्सा." बायका मात्र दुसरंच बोलत, आणि मी जवळ आले की गप्प होत. शेवटचा घोट डॉक्टरांच्या बायकोचा. ती औषध पिता पिता गेली, तिचा जीव औषधात राहिला, म्हणून डॉक्टर तिच्यासाठी बाटल्या मांडून ठेवतात.

डॉक्टरांची बायको म्हणजे माझी आई.

ती गेली तेव्हा युद्धाचे दिवस होते आणि मी सहा-सात वर्षांची होते. त्या दुपारचं मला फार थोडं आठवतं, पण जे आठवतं ते अगदी स्वच्छ आठवतं. खोलीच्या खिडकीवर घोंगडी टांगली होती. दाराच्या चौकटीत मी उभी होते आणि माझ्या छातीवरून आत्याचा हात आडवा घट्ट होता. आई पलंगावर होती. तिचे डोळे उघडे होते आणि ती माझ्याकडे बघत होती. तिचे ओठ हसल्यासारखे ताणलेले होते, पण ते तिचं हसू नव्हतं. मी पुढे जायला धडपडले तर आत्या कानाशी पुटपुटली, "हात लावायचा नाही तिला. अजिबात हात लावायचा नाही."

आणि बाहेर आवाज नव्हता. आमच्या गल्लीत बैलगाड्यांची चाकं करणाऱ्यांचे कारखाने होते. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत तिथे ठोकाठोक चाले. झोपेतसुद्धा तो आवाज ऐकायची मला सवय होती. त्या दुपारी तो थांबला होता. काहीतरी भयंकर घडतं आहे हे मला आईच्या चेहऱ्यावरून कळलं नाही, त्या शांततेवरून कळलं.

आत्याने मला उचलून शेजारी नेलं. मला परत आणलं तेव्हा पलंग रिकामा होता.

धनुर्वात झाला, असं मला सांगण्यात आलं. पुढे मोठी होत गेले तसं मी अधूनमधून विचारायची, आईला लागलं कुठे होतं? आत्या म्हणाली, पायात खिळा गेला होता. कंपाउंडरकाका म्हणाले, विळीवर बोट कापलं होतं. मला तिच्या हातापायाला जखमेवर बांधलेली कुठलीच चिंधी आठवत नव्हती. बाबांना मी विचारलं नाही. बाबांना काही विचारण्याची आमच्याकडे पद्धत नव्हती, आणि माझा स्वभावही नव्हता. खरं तर मला जखमेपेक्षा दुसरंच हवं होतं. आई मरत होती, डोळे उघडे ठेवून माझ्याकडे बघत होती, आणि मला तिला हात का लावू दिला नाही? हा एकच प्रश्न मी माझ्याबरोबर मुंबईला घेऊन गेले.

मुंबईला मला मावशीकडे ठेवून इंग्रजी शाळेत घातलं. तिथे नन होत्या, पियानो होता, आणि वर्गात मराठी बोललं तर शिक्षा होती. मी मुळातच कमी बोलणारी, तिथे आणखी गप्प झाले. मैत्रिणी गळ्यात हात घालून चालत, मी एक पाऊल मागून चाले. कुणी अंगाला हात लावला की मी आकसून जायची. त्यांना वाटे मला गर्व आहे.

सुट्टीत मी पनवेलला येई. एका मे महिन्यात शेजारच्या मुलीने मला अगदी जवळ बोलावून सांगितलं, "तुझी आई दुपारी येते. तुमच्या बाटल्या चाखून बघते. आमच्या आजीने पाहिलंय." मी घरी आले आणि पेन्सिल घेऊन मागच्या खोलीत गेले. प्रत्येक बाटलीच्या कागदी पट्टीवर औषध जिथपर्यंत होतं तिथे बारीक रेघ ओढली. तीन-चार दिवसांनी पाहिलं तर औषध रेघेच्या खाली गेलं होतं. फार नाही, नखाच्या जाडीइतकं. पण सगळ्या बाटल्यांत.

मला भीती वाटली नाही. कुणाला सांगितलंही नाही. फक्त खोकल्याच्या लाल औषधाची बाटली मी ओळीत सगळ्यांत पुढे आणून ठेवली, कारण त्यात साखरेचा पाक असे आणि ते गोड लागे. कडू बाटल्या मागे सारल्या. नंतर दर सुट्टीत मी हे करत राहिले.

कॉलेजात मी रसायनशास्त्र घेतलं. आत्याला ते विचित्र वाटलं. "मुलीच्या जातीला कशाला ते ॲसिड आणि धूर?" बाबांनी फी लगेच पाठवली.

पहिल्या वर्षी आमचे अर्धे दिवस द्रावण किती तीव्र आहे हे सांगण्याच्या रीती शिकण्यात गेले. बाबांच्या दवाखान्यात एकच रीत होती, औंसाला किती ग्रेन. कंपाउंडरकाका त्याहून सरळ बोलत, "एकास आठ", म्हणजे एक भाग मूळ औषध आणि त्यात पाणी घालून एकंदर आठ भाग. कॉलेजात शेकडा प्रमाण आलं, मग लीटरमध्ये किती मोल, मग नॉर्मॅलिटी. तेच द्रावण एका रीतीने छोटा आकडा दाखवी, दुसऱ्या रीतीने मोठा. मुली वैतागत. मला मात्र ते आवडे. कुठल्याही बाटलीवर दोन अक्षरं आणि एक आकडा लिहिला की आत काय आहे ते पुरतं कळतं, विचारावं लागत नाही, याचा मला आधार वाटे.

बाष्पीभवनाच्या धड्याला मला पेन्सिलच्या रेघा आठवल्या. सैल बुचाच्या बाटलीतून मे महिन्यात पाणी उडून जातं. औषध कमी होतं, आणि जे उरतं ते अधिक तीव्र होतं. इतकं साधं होतं. वर्गात सगळ्यांनी वहीत आकृती काढली, मीही काढली. त्या सुट्टीत मी मागच्या खोलीत गेले नाही.

मग दुसऱ्या वर्षी तो तास झाला. मी दोन स्वच्छ द्रावणं एकत्र करून ठेवली होती. मिसळली तेव्हा मिश्रणही पाण्यासारखं स्वच्छ दिसलं. पुढच्या आठवड्यात पाहिलं तर तळाशी बारीक सुयांसारखे स्फटिक बसले होते. मी बाटली घेऊन आमच्या सरांकडे गेले. ते वयस्कर होते, पूर्वी एका औषधांच्या कारखान्यात होते. त्यांनी बाटली उजेडात धरली.

"लेबलवर काय लिहिलं आहेस?" त्यांनी विचारलं.

मी वाचून दाखवलं.

"हे आता खोटं झालं. वरून काढलंस तर याहून कमी भरेल, आणि तळ ढवळून घेतलास तर कितीतरी जास्त. आपण आकडा लिहितो तो द्रावण सगळीकडे सारखं आहे असं धरून लिहितो." मग त्यांनी सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं सांगितलं, "पूर्वीच्या टॉनिकमध्ये स्ट्रिकनीन असायचं, कुचल्याच्या बियांतलं विष, अगदी कणभर. कुणी त्याच बाटलीत झोपेसाठी ब्रोमाइड घातलं की विष हळूहळू तळाशी बसायचं. वरचे डोस निरुपद्रवी. आणि शेवटच्या डोसात सगळ्या बाटलीचं विष. म्हणून लिहितात, हलवून घ्या."

मुली हसल्या. कुणीतरी म्हणालं, "सर, म्हणजे शेवटचा डोस नवऱ्याला द्यायचा."

माझ्या हातातली बाटली मी टेबलावर ठेवली. शेवटचा डोस बाटलीत ठेवा. हे वाक्य मी हजारदा ऐकलं होतं.

त्या संध्याकाळी मला आईची टॉनिकची बाटली आठवली. इतकी वर्षं ती मला आठवली नव्हती. स्वयंपाकघरात पाण्याच्या माठाशेजारच्या कोनाड्यात ती असे. आमच्या विहिरीचं पाणी गढूळ येई, म्हणून आई माठात तुरटी फिरवून ठेवी. गाळ खाली बसला की वरचं निवळलेलं पाणी वाटीने अलगद काढायचं, माठाला धक्का लागू द्यायचा नाही, हा तिचा नियम होता. मी माठाजवळून धावले की ती ओरडे. औषधही ती तसंच घेई. बाटली दोन्ही हातांनी उचलून, न हिंदकळवता, अलगद कलती करून वरचं वरचं पेल्यात ओतून. आणि आईने कधी काही वाया घालवलं नाही. दुधाचं भांडं, ताकाची कासंडी, माझं जेवलेलं ताट, सगळं ती घोटभर पाण्याने विसळून पिऊन टाकी. "अन्न आहे ते," म्हणायची.

मला कुणी काही सांगितलं नव्हतं. तरी मी बाटली विसळतानाचा तिचा हात बघू शकत होते.

पुढच्या मे महिन्यात मी घरी आले तेव्हा कंपाउंडरकाका पुतण्याच्या लग्नाला गावी गेले होते. बाबा म्हणाले, "तू औषधं भरशील का थोडे दिवस?" मी हो म्हणाले. मी कपाटातल्या सगळ्या बाटल्या पाहिल्या. कुचल्याचं काहीच नव्हतं. ब्रोमाइडही नव्हतं. इतर दवाखान्यांतून अजून मिळणारं कुचल्याचं टॉनिक बाबा देत नसत, हे माझ्या तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं. म्हणजे हे दोन्ही काढून टाकूनही ते वाक्य त्यांनी चालू ठेवलं होतं. सोड्याच्या पाण्यालासुद्धा.

मी खळ करायची, पट्ट्या कापायची, बाटल्या भरायची. बाबा आणि मी एका खोलीत तासन्‌तास असायचो आणि आमच्यात औषधांच्या नावांखेरीज शब्द होत नसे. विचारायचं रोज ठरवत होते. रोज संध्याकाळ होऊन जाई.

मग एका सकाळी खाडीपलीकडच्या करंजाची एक कोळीण आली. होडीने पनवेल बंदराला उतरून बाजारात सुकट आणि सुके बोंबील विकणारी, चांगली थोराड, मोठ्या आवाजाची. आठवड्यापूर्वी पोट फुगतं म्हणून औषध घेऊन गेली होती. तिने टोपली दाराबाहेर उतरवली आणि पदरातून बाटली काढून टेबलावर ठेवली. बाटली लखलखत होती.

"घ्या डाक्टर. धुवूनच आणलीय."

बाबांनी बाटलीकडे पाहिलं. "शेवटचा डोस?"

"प्याले ना. तुमी बोललाव ठेव, पन मना काय पटला नाय. पानी घालून खळखळून प्याले. औषद काय टाकाचं? आमी मिठाचं पानीबी टाकत नाय."

"कधी प्यालीस?"

"आता, बंदरावर उतरले नि प्याले."

बाबांच्या हातातला टाक खाली पडला. त्यांनी तो उचलला नाही. ते उठले, रस्त्याकडचं दार त्यांनी स्वतः लावून घेतलं आणि तपासायच्या खाटेवरची चादर काढून खिडकीवर टाकली. खोलीत अंधारलं. "इथे बस," ते तिला म्हणाले, अगदी हळू आवाजात. मी बाक पुसायला पुढे झाले.

"हात लावायचा नाही तिला," बाबा म्हणाले.

मी जिथे होते तिथे उभी राहिले. आत्याचे शब्द. तेच, त्याच क्रमाने.

"बाबा, ते पोटाचं औषध होतं. सोडा, सुंठेचा अर्क आणि पेपरमिंटचं पाणी. मीच भरलं होतं."

"माहीत आहे मला. तू जा, सुतारांना सांग थोडा वेळ ठोकू नका म्हणावं."

मागच्या दाराने मी गल्लीत गेले. समोरच्या कारखान्यातले म्हातारे सुतार चाकाला आरे ठोकत बसले होते. मी निरोप सांगितला. त्यांनी हातोडा मांडीवर ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"तू मुंबईची ना, डॉक्टरांची? आत कोण आहे?"

"एक पेशंट आहे."

"असा निरोप यापूर्वी एकदाच आला होता बाळ. तुझ्या आईच्या वेळी." त्यांनी भिंतीकडे बोट केलं. तिथे खुंटीला चाकाची लोखंडी धाव टांगलेली होती, गंजून लाल झालेली. "ती धाव तेव्हा भट्टीत तापली होती. चाकावर चढवायची, घाव घालायचे, तोच डॉक्टर स्वतः आले. पायात चपला नाहीत. म्हणाले, एक घाव ऐकला तरी ती धनुष्यासारखी वाकून ताठ होते. हात जोडले त्यांनी मला. मग काय, थंड झाली धाव. परत तापवली नाही मी ती. मन झालं नाही."

"धनुर्वातात तसं होतं," मी म्हणाले.

"हो, तसंच बोलले सगळे," ते म्हणाले आणि हातोडा पोत्यावर ठेवून दिला.

परत येताना मी परसात थोडी थांबले. धनुर्वात जखमेतून होतो. बाटली विसळून प्यायल्याने कुणाला धनुर्वात होत नाही.

आत बाबा त्या बाईसमोर स्टुलावर बसले होते. त्यांची नजर तिच्या जबड्यावर होती, मग मानेवर, मग बोटांवर, मग पुन्हा जबड्यावर.

"तोंड उघड," ते म्हणाले. "मीट. मान हळूच वळव. दुखतं?"

"नाय." ती माझ्याकडे वळली. "अगो बाय, मना काय झालंय त्या तरी सांग. तुजा बा माझ्याकडं बघतंय जसा मांजार सुक्या बोंबलाकडं."

"हळू बोल," बाबा म्हणाले.

"हळू कशी बोलू? बाहेर माझी टोपली हाय. कावळं काय बसून र्‍हातील?"

बाबांच्या कपाळावरून घाम ओघळून चष्म्याच्या दांडीपाशी थांबला होता. खोलीत गरम होत होतं. त्या बाईला काहीही झालेलं नव्हतं, आणि हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. तरी ते उठू शकत नव्हते. मला वाटलं, आपण इथे असेच बसून राहणार, दार लावून, खिडकीवर चादर टाकून, आणि त्या बाकावर जी आहे ती कोण आहे हे बाबांना थोड्या वेळाने सांगता येणार नाही.

मी गेले आणि तिचा हात हातात घेतला.

"नको—" बाबा अर्धे उठले.

काही झालं नाही. तिचा तळवा खरखरीत होता आणि मिठाने कोरडा पडलेला. तिने दुसरा हात माझ्या हातावर ठेवला.

"कती गार हात गो तुजा," ती म्हणाली. "तुलाच औषद पायजे."

तेवढ्यात बाहेर लोखंडावर एक घाव पडला. पलीकडच्या कारखान्यात निरोप पोचला नसावा. बाबांनी डोळे मिटून घेतले. त्या बाईच्या हाताला साधा कंपही आला नाही.

"झाला यांचा सुरू," ती म्हणाली.

मग बाबांनी उठून दार उघडलं. "जा आता. औषध नको. बरी आहेस तू."

"बरी हाय त्या मना म्हायती होता," तिने टोपली डोक्यावर घेतली. "तुमची तब्येत बघा डाक्टर." आणि रस्त्याने सुकट विकत निघून गेली. तिचा आवाज कोपऱ्यावर वळेपर्यंत ऐकू येत होता.

दिवसभर आम्ही पेशंट पाहिले. संध्याकाळी, रविवार नसतानाही, बाबा मागच्या खोलीत गेले आणि खिडकीतल्या बाटल्या एकेक करून परसात आणू लागले. मी घंगाळात पाणी भरून बसले. ते खड्ड्यात औषध ओतत आणि बाटली माझ्याकडे देत.

"कुचल्याचं सत्त्व होतं?" मी विचारलं.

"हो."

"आणि ब्रोमाइड."

"झोप लागत नव्हती तिला. बाटल्या मिळत नव्हत्या तेव्हा, युद्ध होतं. लोक तेलाच्या बाटल्या घेऊन यायचे. तीच म्हणाली, माझ्यासाठी दोन बाटल्या कशाला अडवता, एकाच बाटलीत घाला." त्यांनी बाटली खड्ड्यात रिकामी केली. "मी शिकलो होतो, हे दोन एकत्र घालायचे नसतात. परीक्षेत लिहिलंही होतं."

"तुम्हाला लगेच कळलं?"

"बाटली खिडकीत पालथी घातलेली होती. धुऊन."

पुढची बाटली त्यांनी हातात धरून ठेवली. मला माहीत होतं, आता नाही विचारलं तर पुन्हा विचारणार नाही.

"मला हात का लावू दिला नाही?"

"स्पर्शाने झटका यायचा. आवाजाने, उजेडाने, वाऱ्यानेसुद्धा. आणि शुद्ध जात नाही त्यात. शेवटपर्यंत सगळं कळतं." ते खड्ड्याकडे बघत बोलत होते. "मधे थोडा वेळ जबडा सुटला होता. तेव्हा तीच म्हणाली आत्याला, पोरीला धरून ठेवा. तिने हात लावला आणि मला झटका आला, तर तिला जन्मभर वाटत राहील, माझ्यामुळे झालं. दारातूनच दिसू दे म्हणाली. दारात उभी करा, मला दिसेल अशी."

मी हातातली बाटली घंगाळात बुडवली.

"मी कुणाला सांगितलं नाही," बाबा म्हणाले. "आत्याला माहीत होतं. कंपाउंडरला माहीत होतं. त्यांनी जखम ठरवली."

"दोघांनी वेगवेगळी ठरवली," मी म्हणाले.

बाबांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, हसू म्हणता येणार नाही असं. मग त्यांनी हातातली बाटली माझ्यापुढे केली. खोकल्याच्या लाल औषधाची होती.

"ही तू पुढे आणून ठेवायचीस. लहान असताना."

मी वर पाहिलं.

"पट्ट्यांवर पेन्सिलच्या रेघा असायच्या. कंपाउंडरने दाखवल्या मला. मी म्हटलं, राहू दे, पुसू नकोस. तुझी सुट्टी संपून तू गेलीस की मीही ती पुढेच ठेवायचो."

त्यांनी ती ओतली नाही, मीच ओतली. मग पाणी भरलं, अंगठा लावून हलवली, ओतून दिली. पुन्हा भरली. कॉलेजात शिकवतात त्याप्रमाणे, तळाशी दहावा भाग राहिला आणि बाटली पाण्याने भरून घेतली, तर पहिल्या धुण्यात दहावा हिस्सा उरतो, दुसऱ्यात शंभरावा, तिसऱ्यात हजारावा. हिशेब कितीही पुढे नेला तरी शून्य येत नाही. मी धूत राहिले. पाणी कधीचंच स्वच्छ येत होतं, वासही गेला होता.

"पुरे," बाबा म्हणाले आणि बाटली घ्यायला त्यांनी हात पुढे केला. त्यांची बोटं ओली होती, माझीही. मी हात मागे घेतला नाही.